युकुलेलेची चौथी तार: लो जी लावायची की हाय जी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या माझ्या युकुलेलेच्या (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) वर्गात ठाण्याची मंडळी असतात, ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ऐरोली-वाशीहून येणारीही असतात. चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) हाताला बसल्या की प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, "सर, मी लो जी लावू का?" व्हॉट्सॲपवर तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो.

लो जी आणि हाय जी म्हणजे नेमकं काय?

युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. वाद्य छातीशी धरलं की सगळ्यात वर, हनुवटीच्या बाजूला येते ती चौथी तार, जी. दुकानातून आणलेल्या बहुतेक वाद्यांवर ही तार शेजारच्या सी आणि ई या दोन्हींपेक्षा उंच सुरात लागलेली असते. तो हाय जी, ३९२ हर्ट्झ. त्याच जागी जाड तार लावून तोच सूर एक सप्तक खाली, १९६ हर्ट्झवर आणला की झाला लो जी. बाकीच्या तीन तारांना हात लावायचा नाही.

पेटीच्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक. तिला सा धरलं तर चार मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात. हा प मध्य सप्तकातला हवा की मंद्रातला, एवढाच काय तो प्रश्न आहे.

वरची तार उंच सुरात, ही उलटी रीत आली कुठून?

पोर्तुगालच्या मदिरा बेटावरून. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग हे जहाज मदिराचे मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तीन लाकूडकाम करणारे कारागीर होते. हवाईत ही वाद्यं बनवायला सुरुवात करणाऱ्यांत त्यांचीच नावं घेतली जातात. वाद्याचा आकार माशेत या छोट्या पोर्तुगीज वाद्याचा, तर तारा जुळवण्याची रीत राजाँव या पाच तारांच्या वाद्याची.

हाय जी म्हणजे मुलांच्या खेळण्यातली तडजोड आहे आणि "खरं" वाद्य लो जीचं, असं काही जण सांगत फिरतात. त्यांचं ऐकू नका. मूळ रीत हाय जीचीच आहे.

कॉर्ड नव्याने शिकाव्या लागतील का?

नाही. बोटांचे आकार तेच राहतात, फक्त आवाजाची बैठक बदलते. जी कॉर्ड वाजवून बघा. हाय जीवर चौथी आणि दुसरी तार एकाच सुरात येतात, त्यामुळे कॉर्ड घट्ट आणि चमकदार वाटते. लो जीवर तीच चौथी तार एक सप्तक खाली जाते आणि कॉर्डला खालून आधार मिळतो. एफ कॉर्डमध्येही असंच होतं, तिथे दोन ए असतात.

आहे तीच तार ढिली केली तर लो जी होणार नाही का?

नाही. तारेचा सूर निम्म्यावर आणायचा तर ताण चौथ्या हिश्शावर येतो. मग तार लोंबते, फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटते आणि सूर धरतच नाही.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. लो जीची जाड तार लावून कोणी ती चुकून वरच्या जीपर्यंत पिळत नेली, तर ताण चौपट होतो. तार तुटते, आणि नाही तुटली तर ब्रिज (तारा बांधतात तो वाद्यावरचा लाकडी तुकडा) उचकटायला लागतो. क्लिप-ऑन ट्यूनर दोन्ही वेळा नुसतं जी दाखवतो, सप्तक दाखवत नाही, म्हणून हे घडतं. ॲप वापरत असाल तर जी ३ (लो) की जी ४ (हाय) हे आकड्यासकट दाखवणारं घ्या. आणि कानाने पडताळा: लो जीची तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या सी तारेचा सूर हुबेहूब यायला हवा. हाय जी असेल तर ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटशी जुळवा. एवढं जमलं की ट्यूनर खिशातच राहतो.

माझा युकुलेले अगदी लहान, सोप्रानो आहे. त्यावर लो जी चालेल?

वाजेल. शोभेल असं मला वाटत नाही.

सोप्रानोच्या तारेची वाजती लांबी साधारण ३३ सेंमी, त्याहून मोठ्या कॉन्सर्टची ३८, त्याहून मोठ्या टेनरची ४३. लांबी जितकी कमी, तितकी खालच्या सुराला जाड तार लागते, आणि जाड आखूड तार झंकारत नाही, नुसती ठक् करते. शिवाय सोप्रानोची पोकळ लाकडी पेटीही छोटी, १९६ हर्ट्झचा सूर तिच्यात भरत नाही. जवळ बसलेल्याला ऐकू येतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत विरतो. कॉन्सर्टवर लो जी चांगला लागतो, टेनरवर खुलतो. हवाईच्या नामांकित वादकांपैकी जेक शिमाबुकुरो टेनरवर हाय जीच वाजवतो आणि ओटा-सान लो जीसाठी ओळखले जातात, म्हणजे मोठ्या वाद्यावर दोन्ही रस्ते मोकळे आहेत. लहान वाद्यावर ते तसे नाहीत.

मग भावगीतं, अभंग कसे वाजवायचे? चाल सा च्या खाली जाते तेव्हा तार संपते.

लो जीची मागणी येते ती बहुतेक इथूनच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पांढरी एकला सा धरून हाय जीच्या वाद्यावर चाल वाजवायला बसलात की पहिल्याच ओळीत अडता. वाद्याचा सगळ्यात खालचा सूरच सा आहे, त्याच्या खाली मंद्र नीसुद्धा नाही. आपल्या चाली तर सा च्या खाली नी, ध, कधी प पर्यंत सहज उतरून येतात. लो जी लावला की ही अडचण मिटते. चौथी तार मोकळी म्हणजे मंद्र प, दुसऱ्या फ्रेटवर मंद्र ध, चौथ्यावर मंद्र नी. कोमल ध पहिल्यावर, कोमल नी तिसऱ्यावर.

पण तार विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. सा सरकवा. पांढरी चार, म्हणजे एफ, सा धरा. तो ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळतो. आता मोकळी सी तार झाली मंद्र प, तिच्याच दुसऱ्या फ्रेटवर मंद्र ध, मोकळी ई तार मंद्र नी. वर जायचं तर मोकळी ए तार ग, तिच्या पहिल्या फ्रेटवर म, तिसऱ्यावर प, पाचव्यावर ध, सातव्यावर नी, आठव्यावर तार सा. बारा फ्रेटच्या साध्या सोप्रानोवरही तार ग पर्यंत पोचता. मंद्र प पासून तार ग पर्यंत एवढी जागा भावगीताला पुरते. आणि ती उंच जी तार? ती मोकळी रे बोलते. सा-रे-ग करताना रे त्या तारेवर छेडला तर सूर एकमेकांत मिसळत, घंटेसारखे रेंगाळत राहतात. लो जीवर ही गंमत मिळत नाही.

पांढरी चारमध्ये गाणं तुमच्या गळ्याला बसत नसेल, किंवा गायकाची पट्टी ठरलेली असेल, तर मात्र लो जीचा विचार करा. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बायकांना लो जी विशेष लाभतो, कारण मोकळी चौथी तार म्हणजे थेट त्यांचा सा. अंगठ्याने ती अधूनमधून छेडत राहिलं की तंबोऱ्याचा भास होतो आणि गळ्याला आधार मिळतो.

मी फक्त गाण्याबरोबर स्ट्रम करतो (सगळ्या तारा एकदम छेडतो). लो जी घेऊ?

नको. गाण्याच्या साथीला, विशेषतः चार जण एकत्र वाजवत असतील तर, हाय जी स्वच्छ कापत जातो. सोसायटीच्या गणपतीत किंवा कोजागिरीला गच्चीवर पेटी, तबला, ढोलकी सगळं असतं. खालचे सूर त्यांनी आधीच व्यापलेले असतात, लो जी तिथे गढूळपणा वाढवतो. मायक्रोफोन स्वस्तातला असेल तर आणखीच.

एकट्याने चाल आणि कॉर्ड दोन्ही वाजवणाऱ्यांसाठी हिशेब उलटा आहे.

लो जीसाठी कोणती तार घ्यावी?

दोन जाती आहेत. एक साधी, एकसंध फ्लोरोकार्बन किंवा तत्सम मिश्रणाची. ती बाकीच्या तारांसारखीच वाटते, बोट सरकवताना आवाज करत नाही, पण जाड असते आणि आवाज थोडा बसका येतो. दुसरी, आतल्या धाग्यावर धातूची बारीक तार गुंडाळलेली. ती तुलनेने बारीक असते, सूर स्पष्ट आणि लांब टिकणारा, पण बोट सरकलं की 'च्वीक' करते आणि बाकी तिघींपेक्षा जरा मोठ्याने बोलते. मी स्वतः टेनरवर गुंडाळलेली लावतो आणि कॉन्सर्टवर साधी. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा घन असतं, म्हणून त्याच सुराला ते कमी जाडीत भागवतं. नायलॉनची साधी लो जी तार त्यामानाने फारच जाड होते.

पूर्ण संच घ्यायची गरज नाही. सुटी लो जी तार मिळते, तीच आणा.

ठाण्यातल्या दुकानात लो जी तार नाही म्हणाले. ऑनलाइन येईपर्यंत गिटारची तार चालेल?

क्लासिकल, म्हणजे नायलॉन गिटारची चौथी तार, डी, चालते. कुठल्याही गिटारच्या दुकानात ती मिळेल. गिटारवर ती ६५ सेंमी लांबीत डी वाजवते. टेनरच्या ४३ सेंमीवर जी लावली तर ताण गिटारवरच्या ताणाच्या जवळपास चार पंचमांश येतो, म्हणजे उत्तम. कॉन्सर्टवर साठ टक्क्यांच्या आसपास, चालून जातं. सोप्रानोवर निम्म्याहूनही कमी, म्हणजे तिथे ती लोळते.

ॲकॉस्टिक गिटारची स्टीलची तार मात्र चुकूनही लावू नका. युकुलेलेचं वरचं लाकूड आणि ब्रिज तेवढ्या ताणासाठी बनवलेलेच नसतात.

तार बदलताना नटची खाच कापावी लागते म्हणतात. खरं का?

बऱ्याचदा, हो. आणि घाई करू नये अशी जागा हीच.

मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे हाडासारखी किंवा प्लास्टिकची पांढरी पट्टी असते, तो नट. त्यातली चौथी खाच हाय जीच्या बारीक तारेच्या मापाची असते. जाड तार तिच्यात उतरतच नाही, वर अडकून बसते. ओळखायचं कसं? खुंटी फिरवताना सूर सलग चढत नाही. काही क्षण काहीच होत नाही, मग 'टिक्' असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारून पुढे जातो. शिवाय पहिल्या फ्रेटवर दाबलं की सूर चढा येतो, कारण तार नटवर उंच बसलेली असते आणि दाबताना जास्त ताणली जाते.

आधी खाचेत मऊ शिसपेन्सिल घासून बघा. तार जराशीच अडत असेल तर तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर बारीक काचपेपरची घडी खाचेत घालून हलक्या हाताने मागे-पुढे करा. गुंडाळलेल्या तारेचा उरलेला तुकडाही बारीक कानशीचं काम करतो, आणि मापही अचूक येतं. रुंदी वाढवा, खोली वाढवू नका. दर चार घासांनंतर तार ठेवून बघा. निम्मी तार खाचेत आणि निम्मी बाहेर दिसली की थांबा. खाच डोक्याकडे किंचित उतरती हवी, म्हणजे तार फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवरच टेकते.

खाच एकदा रुंद झाली की रुंदच राहते. परत हाय जी लावलात तर नुसत्या रुंदीने सहसा बिघडत नाही, तार थोडी इकडेतिकडे सरकते इतकंच. खोल गेली असेल तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. तेव्हा खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा, त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब, सुकलं की नव्याने खाच. हे काम स्वतः पहिल्यांदाच करत असाल तर वाद्य महागाचं नसावं. महागाचं असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि लो जीची तार सोबत घेऊन जा, तिच्या मापाने तो कापेल.

तार बांधायची कशी?

फक्त चौथी तार काढा, बाकी तिघींना तशाच राहू द्या. ब्रिजला भोक असेल तर तार साउंडहोलच्या (वाद्याच्या पुढच्या गोल भोकाच्या) बाजूने घालून मागे काढा, वळवून स्वतःच्याच खालून घ्या आणि शेपूट ब्रिजच्या मागच्या कडेखाली एक-दोनदा पिळून दाबून टाका. शेवटचा पीळ ब्रिजच्या मागच्या उतारावर यायला हवा, वर राहिला तर सुटतो. ब्रिजला फटी असतील तर टोकाला जाड गाठ मारून फटीत अडकवा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत.

गुंडाळलेली तार कापताना आधी काटकोनात मोडा, मग मोडीच्या पुढे कापा. सरळ कापली तर गुंडाळी उसवत आत येते.

नवी तार सारखी उतरते. खराब निघाली का?

खराब नाही, ताणली जातेय. दोन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. बाराव्या फ्रेटपाशी दोन बोटांनी हळूच वर उचलून सोडा, पुन्हा सुरात लावा, असं दिवसातून काही वेळा करा. कार्यक्रम रविवारी असेल तर शनिवारी तार बदलू नका.

घर्षणावर चालणाऱ्या साध्या खुंट्या असतील तर तार नव्हे, खुंटीच घसरत असेल. खुंटीच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा आटा आवळून बघा.

एकाच वाद्यावर आलटून पालटून दोन्ही ठेवता येतील?

येतील, पण दर वेळी तार मुरायला आठवडा जाणार, गाठीची शेपटं झिजणार, नट घासला जाणार. महिन्यातून दोनदा हे करणारे वाजवतात कमी आणि जुळवतात जास्त. माझा सल्ला सरळ आहे: असलेलं लहान वाद्य हाय जीवर राहू द्या, आणि लो जीची खरंच गरज आहे असं सा सरकवूनही वाटत राहिलं तर दुसरं, कॉन्सर्ट किंवा टेनर घ्या. दुसऱ्या हाताचं चालेल. घेताना दुकानातच मोकळी चौथी तार आणि तिचा बारावा फ्रेट एका सप्तकाने जुळतो का ते ट्यूनरवर बघा. लो जीची जाड तार वरच्या फ्रेटांवर चढा सूर देते. काही वाद्यांवर त्यासाठी सॅडलची (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीची) कड चौथ्या तारेपाशी किंचित मागे घेतलेली असते, तशी असेल तर उत्तम.

माझ्या सोप्रानोचा आवाज दबका आहे. खाली नाही, आणखी वर लावला तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. सगळ्या तारा दोन पट्ट्या वर घ्या: ए, डी, एफ शार्प, बी. १९२० च्या दशकात अमेरिकेत छापलेल्या युकुलेलेच्या बऱ्याच गाण्यांसाठी हीच जुळणी धरलेली असायची. ताण सव्वापट होतो, सोप्रानोची सुस्त तार कडक होते आणि लहान पेटी मोकळी बोलते. आकार तेच, नावं बदलतात: सी चा आकार धराल तर डी वाजेल. सा पांढरी दोनवर जाईल. जुन्या झालेल्या तारांवर हा प्रयोग नको, बी पर्यंत जाताना पहिली तार तुटू शकते. लो जीच्या मोहात पडलेल्या सोप्रानोवाल्यांना मी आधी हेच करून बघायला सांगतो.

बॅरिटोनच्या संचातली तार लो जी म्हणून चालेल का?

बॅरिटोन (टेनरहून मोठा युकुलेले) डी, जी, बी, ई असा लागतो आणि त्याची तिसरी तार १९६ हर्ट्झचाच जी आहे. पण ती सुमारे ५० सेंमी लांबीसाठी बनवलेली असते. टेनरवर थोडी ढिली लागते, त्याहून लहान वाद्यावर नको.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा ओली, त्यात खाडीजवळ राहणाऱ्यांना खारटपणाची भर. नायलॉन-फ्लोरोकार्बनला त्याचं फार काही नाही, पण गुंडाळलेली लो जी तार घामाने आणि दमटपणाने काळी पडते आणि तिचा आवाज मरतो. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसा. तार काळवंडून एखाद्या फ्रेटवर दबलेली दिसली की बदला, घासून चकचकीत करण्यात अर्थ नाही.

वाद्य सॉलिड लाकडाचं असेल तर ते फुगतं, पुढचा भाग किंचित वर येतो आणि तारा फ्रेटपासून उंच होतात. लो जी लावल्यावर "आता दाबायला जड जातंय" अशी तक्रार जुलैत आली तर दोष तारेचा असेलच असं नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि नटला किंवा सॅडलला हात लावण्याआधी ऑक्टोबरपर्यंत थांबा. लॅमिनेटच्या (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या) वाद्यांना हा त्रास फारसा होत नाही.